उतारावरचा अर्धा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. खरे सांगायचे तर आता अर्धाच उरलो आहे. बाकीचा अर्धा कुठे गेला ते ओघाने येईलच. पण सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करून टाकतो, म्हणजे मागाहून तुम्ही हसायला नको. मी भित्रा आहे. लाकूड कसले भिते, असे तुम्ही म्हणाल. तुमच्या छातीवर कोणी तीन टनांची गाडी आणून उभी केली आणि हलायचे नाही अशी ताकीद दिली, तर तुमचीही पाचावर धारण बसेल.

माझे मूळ एका तुळईत आहे. एका जुन्या गोदामाचे छप्पर उतरवत होते तेव्हा सुतारकाकांनी ती तुळई मागून आणली. आमच्या इमारतीच्या फाटकाजवळ पत्र्याच्या छपराची एक खोली आहे. तिच्या एका भागात काकांची करवत चाले आणि दुसऱ्या भागात त्यांच्या बायकोचे शिवणयंत्र. त्यांना सगळी इमारत मावशी म्हणते. काकांनी त्या तुळईतून मावशींसाठी कापड बेतायचे लांबरुंद टेबल केले. टेबल झाल्यावर दोन हात लांबीचा तुकडा उरला, आणि त्या तुकड्याचे आम्ही पाच भाऊ झालो. विटेएवढे, एका बाजूने उतरते, दुसऱ्या बाजूने सरळ. काकांनी आम्हाला रंधा मारला, कडा घासल्या, जवसाचे तेल पाजले. मला हातावर तोलून ते मावशींना म्हणाले, "हा बघ, तुझ्या टेबलाचा धाकटा भाऊ." मावशी म्हणाल्या, "मग त्याला गाड्यांखाली कशाला घालताय?" काका नुसते हसले. त्या प्रश्नाची मला पुढे फार आठवण आली.

आता गाड्यांखाली का, ते सांगतो. आमचे अंगण उतरते आहे. इमारतीच्या पायऱ्यांपाशी बादली लवंडली तर पाणी तडक खाली फाटकाकडे धावत येते. इमारत नवी होती तेव्हा दहाबारा घरांकडेच गाड्या होत्या. त्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागून उभ्या राहत. पुढे घराघरात गाडी आली आणि भिंतीकडेच्या जागा संपल्या. मग मधल्या मोकळ्या वाटेतही एकामागे एक गाड्या लागू लागल्या. आता भिंतीकडची गाडी बाहेर काढायची तर मधली हलवायला हवी, आणि तिचा मालक नेमका आंघोळीला गेलेला. त्यावर इमारतीने एक तोड काढली. मधल्या रांगेतली गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक लावायचा नाही, आणि पुढच्या चाकाखाली उताराच्या बाजूने ठोकळा सारायचा. ज्याला वाट हवी त्याने ठोकळा काढावा, गाडी दोन पावले खाली सोडावी आणि पुन्हा ठोकळा लावावा.

यातही एक रीत होती. दोघांनी गाडीच्या पुढे, उताराच्या बाजूला उभे राहून तिला हात लावायचे. तिसऱ्याने चाकापाशी बसून विचारायचे, "धरलं?" दोघांनी म्हणायचे, "धरलं." मगच ठोकळा ओढायचा. गाड्या लहान होत्या. दोन माणसांच्या तळव्यांवर त्या शहाण्यासारख्या थांबत. सकाळी आठ ते दहा आमच्या अंगणात दुसरे काही ऐकूच येत नसे. धरलं? धरलं. धरलं? धरलं. पायजमा घातलेले, तोंडात ब्रश धरलेले, एका पायात मोजा घातलेले असे सगळे एकमेकांच्या गाड्या धरत. मला ते फार आवडे. कोणाची गाडी आहे हे न विचारता माणसे हात लावत होती.

माझे ते दिवस सुखाचे होते. एकदा दोन दिवस वादळ झाले. पायऱ्यांवरच्या कुंड्या उडाल्या, फाटकाची एक फळी निखळली, आणि मधल्या रांगेतली सगळ्यात वरची गाडी मी एकट्याने धरून ठेवली. तिसऱ्या दिवशी इमारतीचे सेक्रेटरी छत्री घेऊन पाहणी करायला आले आणि मला बुटाच्या टोकाने हळूच स्पर्श करून म्हणाले, "हा पक्का आहे." त्यांनी माझ्या कपाळावर लाल रंगाने एक आकडा काढला. सेक्रेटरी म्हणजे नियमाचे माणूस. प्रत्येक गोष्टीची सूचना स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून जिन्याखाली चिकटवत. त्यांच्या हातून आकडा मिळाला म्हणून मी महिनाभर ताठ होतो.

पण वर्षे कोणासाठी थांबत नाहीत. माझा एक भाऊ कोणाच्या तरी डिकीतून दुसऱ्या गावी गेला. एकाला वाळवी लागली. एक गच्चीचे दार अडवायला गेला तो तिकडचाच झाला. चौथा कुठे गेला ते मला आजही माहीत नाही. त्यांच्या जागी विटा आल्या, दगड आले. काकांचे हात थरथरू लागले आणि त्यांनी करवत खिळ्याला टांगली. कानही गेले. आता ते मावशींच्या मशीनजवळ दाराकडे पाठ करून बसत आणि बॉबिनी भरून देत. उजेड पाठीमागून हवा म्हणून तसे बसणे. समोरच्या भिंतीवर मावशींचा गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायचा उभा आरसा होता, आणि त्यात काकांना सगळा उतार दिसे. पूर्वी वर्षातून एकदा ते मला तेल पाजत. ते बंद झाले. मी सुकत गेलो. माझ्या सरळ बाजूला केसाएवढी एक चीर पडली. तिच्याकडे सगळ्यांनी कानाडोळा केला, मीही केला.

आणि मग एका सकाळी ती आली.

मित्रांनो, मी आधी ती पाहिली नाही, ऐकली. जमिनीतून एक घरघर माझ्या पोटात शिरली. फाटकाचे दोन्ही दरवाजे उघडावे लागले, जे एरवी फक्त सामानाचा टेंपो आला तर उघडत. आत आली ती एक पिकअप. काळी कुळकुळीत, पुढचा भाग माणसाच्या छातीएवढा उंच, आणि मागे हा भला मोठा हौदा. वळताना तिने सहा वेळा पुढेमागे केले, एका कुंडीचा निकाल लावला आणि मधल्या रांगेत येऊन उभी राहिली. तिथे एरवी दोन गाड्या मावत. तिचे शेपूट तिसऱ्या गाडीच्या जागेतही थोडे गेले होते.

दार उघडले आणि पायरीवर पाय देत देत एक लहानखुरे, चष्मा लावलेले गृहस्थ खाली उतरले. तिसऱ्या मजल्यावर नवे राहायला आले होते. विमा कंपनीत दिवसभर टेबलाशी बसायचे त्यांचे काम. शेत नाही, दुकान नाही, बांधकाम नाही. त्या हौद्यातून मी पुढच्या चार महिन्यांत फक्त एक उशी जाताना पाहिली. इमारतीने त्यांचे नाव पिकअपवाले ठेवले. माणूस वाईट नव्हता हो. उलट फार सभ्य. कुंडीबद्दल त्यांनी तीनदा माफी मागितली. जिन्याखालची सूचना चष्मा वर करून दोनदा वाचली. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला, खाली उतरून इकडेतिकडे पाहिले आणि त्यातल्या त्यात नीटस म्हणून मलाच उचलले.

ते चाक माझ्यावर टेकले तेव्हा मला पहिल्यांदा कळले की भीती म्हणजे काय. माझ्या कपाळावरचा लाल आकडा त्या रबराच्या एका खाचेत दिसेनासा झाला. लहान गाड्या माझ्यावर रेलत, ही दाबत होती. त्या चाकापुढे मी म्हणजे दार अडवायला सारलेली चप्पल. आणि माझे तोंड कोणीकडे होते, सांगा बरे? उताराकडे. बरोबर समोर, वीस पावलांवर, पत्र्याची खोली. उघडे दार, मावशींचा पेडलवर हलणारा पाय आणि काकांची वाकलेली पाठ. फाटक थोडे बाजूला आहे, त्यामुळे मधल्या रांगेतून सरळ खाली येणारी वस्तू फाटकातून बाहेर जात नाही. ती खोलीत जाते.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. पिकअपवाले सकाळी गाडी घेऊन जात आणि संध्याकाळी परत येत. मध्ये जे काही तास मोकळे मिळत त्यांतही मला त्या चाकाचा भास होई. कोणी हौद्याला टेकून गप्पा मारल्या की गाडी किंचित डुले आणि चाक माझ्यावर बोटभर चढे. चीर केसाची सुतळीएवढी झाली. मला ओरडता येत असते तर मी साऱ्या इमारतीला गोळा केले असते. पण लाकडाने करकर केली तर माणसे म्हणतात, हवा कोरडी आहे.

हाल काही माझ्या एकट्याचेच नव्हते, साऱ्या इमारतीचे होते. पिकअपच्या आरशांना चुकवताना बाजूच्या दोन गाड्यांचे आरसे मोडले. बाबागाडी घेऊन जाणाऱ्या आईला भिंत आणि पिकअप यांच्यातून जाता येईना, ती फाटकापर्यंत बाळाला कडेवर आणि बाबागाडी डोक्यावर घेऊन जाऊ लागली. सगळ्यात जास्त अडचण पहिल्या मजल्यावरच्या सिस्टरताईंची. त्या रुग्णालयात परिचारिका. त्यांची लहानशी निळी गाडी भिंतीकडेला, आणि पिकअप नेमकी तिच्या तोंडाशी. दोनदा त्यांना कामावर उशीर झाला, दोनदा वॉर्डातल्या मैत्रिणीला त्यांच्यासाठी थांबावे लागले. दर वेळी पिकअपवाले घरच्या चपलेत धावत खाली येत, माफी मागत आणि गाडी काढून देत. ती ढकलून बघायची वेळ तोवर आली नव्हती.

माझी चीर पहिल्यांदा मनावर घेतली ती काकांनी. एका दुपारी पिकअप बाहेर गेली होती. ते आरशात बघत होते की आणखी कशात, कोण जाणे, पण ते उठून हळूहळू चढ चढून आले. त्यांनी मला उचलले आणि अंगठ्याने चीर चाचपली. तो अंगठा थरथरत होता, पण लाकूड कसे बघायचे ते विसरला नव्हता. मला घेऊन ते तसेच सेक्रेटरींच्या दाराशी गेले.

"हा त्या गाडीला पुरायचा नाही," काका म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे ते जरा मोठ्याने बोलत. "तिला ब्रेक लावून ठेवू दे."

सेक्रेटरींनी खुणेने आणि ओठांनी समजावले, "काका, एकाला सूट दिली की उद्या सगळे ब्रेक लावतील. मग कोणाचीच गाडी निघणार नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"गाड्या सारख्या आहेत का पण?"

सेक्रेटरी हसले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की बैठकीत विषय घेऊ. बैठक झाली. तिच्यात गच्चीच्या दारावर दीड तास चर्चा झाली.

काकांनी मग स्वतःच काहीतरी करायचे ठरवले. खोलीच्या मागे एका मोडलेल्या बाकाचा जाड पाय पडला होता. तो त्यांनी आत आणला, त्यावर पेन्सिलीने तिरकी रेघ मारली आणि खिळ्यावरची करवत काढली. पिकअपला पुरेल असा मोठा ठोकळा करायचा होता. पण करवत रेघेवर राहीना. दोनदा घसरली. मावशींनी मशीन थांबवले आणि त्यांच्या हातातून करवत काढून परत खिळ्याला लावली. तो लाकडाचा तुकडा दाराशी तसाच उभा राहिला, पेन्सिलीची रेघ अंगावर घेऊन. मी वरून रोज त्याच्याकडे बघत असे. तो एकदा कापून झाला असता तर माझी सुटका होती.

आता त्या दिवसाकडे येतो.

सकाळचे दहा वाजले होते. पिकअपवाले डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते, आणि तेही बसने. कारण त्या दवाखान्याच्या वाहनतळात त्यांची पिकअप मावत नसे. त्यामुळे ती दिवसभर माझ्यावर उभी राहणार होती. काचा बंद, दारे कुलूपबंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सुटलेला. अगदी नियमाप्रमाणे. तेवढ्यात सिस्टरताई गळ्यात ओळखपत्र अडकवून पायऱ्या उतरल्या आणि पिकअप पाहून जागीच थांबल्या. त्यांनी फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला.

"आज तिसरा उशीर होईल," त्या म्हणाल्या. "आज मला कोणी विचारणारसुद्धा नाही, सरळ पत्र हातात देतील."

सेक्रेटरी जिन्याखाली नवी सूचना चिकटवत होते. चौथ्या मजल्यावरचे व्यायामशाळेत शिकवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे पैलवान म्हणतात, डबा हलवत खाली येत होते. सेक्रेटरी म्हणाले, "ढकलू की आपण. आपली रीत आहे. दोन पावलं खाली सोडली की तुमची गाडी निघते."

"असल्या दोन ढकलीन मी," पैलवान म्हणाले.

मी मनात म्हणत होतो, अहो, आधी बघा तरी हिच्याकडे. ती गाडी त्यांनी चार महिने रोज पाहिली होती. तिच्या लांबीवरून भांडले होते, रुंदीवरून भांडले होते. तिचे वजन मात्र कोणाच्या डोक्यात नव्हते, कारण आजवर ते माझ्याशिवाय कोणी उचललेच नव्हते. सेक्रेटरी आणि पैलवान गाडीच्या पुढे गेले, उताराच्या बाजूला, आणि त्यांनी त्या उंच बॉनेटला हात लावले. त्यांच्या पाठीमागे वीस पावलांवर खोलीचे दार उघडे होते. मावशींचा पाय पेडलवर हलत होता. काकांची पाठ वाकलेली होती.

सिस्टरताई चाकापाशी बसल्या. "धरलं?"

"धरलं," दोघे म्हणाले.

सिस्टरताईंनी मला ओढले. मी हललो नाही. कसा हलणार, इतके वजन माझ्यावर होते. त्यांनी टाचेने ढकलून पाहिले. मग पैलवान म्हणाले, "माझ्या गाडीत हातोडी आहे," आणि जाऊन घेऊन आले. ते परत बॉनेटला हात लावून उभे राहिले. सिस्टरताईंनी हातोडी तोलली आणि पुन्हा विचारले, "धरलं ना?"

"धरलं, धरलं."

पहिला घाव बसला. चीर माझ्या मध्यापर्यंत धावली. मित्रांनो, मला दुखले, खोटे कशाला सांगू. पण दुखण्याची नव्हे, सुटण्याची भीती वाटत होती. एरवी मी रात्रंदिवस सुटकेसाठी झुरत होतो, आणि आता मला एकच इच्छा होती की मला कोणी सोडवू नये. दुसरा घाव बसला. चाक बोटभर पुढे आले.

त्याच क्षणी खोलीत काकांचे डोके वर झाले. त्यांना काही ऐकू आले नव्हते. त्यांनी आरशात पाहिले होते. ते वळले. मावशींच्या खांद्याला धरून त्यांनी त्यांना मशीनवरून उठवले आणि बाजूला सारले, मग दाराशी उभा असलेला तो पेन्सिलीच्या रेघेचा लाकडी पाय उचलला आणि बाहेर आले. पळाले नाहीत, त्यांना पळता येत नव्हते. वजन पोटाशी धरून ते चढ चढू लागले. मी मनात आकांत करत होतो. काका, इकडे नका येऊ. मावशींना घेऊन बाजूला व्हा. "थांबा," काका म्हणाले, पण धापेत तो शब्द तोंडातच राहिला.

तिसरा घाव बसला आणि मी दुभंगलो.

माझा एक अर्धा भाग उडून भिंतीकडे गेला. गाडी हलली. पहिल्यांदाच त्या दोघांच्या हातांना तिचे वजन कळले. पैलवानांचे बूट फरशीवरून घसरत मागे जाऊ लागले आणि ते एका झटक्यात बाजूला झाले. सेक्रेटरी मागे सरकत राहिले. कोणीकडे उडी मारायची तेच त्यांना सुचेना, आणि त्यांचे हात बॉनेटवर तसेच होते. मी, म्हणजे उरलेला हा अर्धा, चाकाखाली सापडून फरफटत चाललो होतो. मी जमिनीला जेवढे धरवेल तेवढे धरले. एक हात, दोन हात. खोलीचे दार मोठे होत होते. मला आता फार धरवणार नव्हते.

मग काका वाकले. त्यांनी तो जाड पाय माझ्या शेजारी चाकाखाली आडवा सारला. चाक त्यावर चढले, क्षणभर तिथे रेंगाळले, आणि मागे येऊन बसले. गाडी थांबली. काकांनी उजवा हात काढायला उशीर केला होता.

सिस्टरताईंनी हातोडी टाकली, खोलीत धावत जाऊन मावशींनी नुकतेच बेतलेले पांढरे कापड आणले आणि काकांचा हात बांधला. दोन बोटे गेली होती. काका फरशीवर बसून म्हणाले, "राहू दे गं. तशीही ती थरथरतच होती." मावशी आल्या त्या थेट चाकापाशी. थांबलेल्या चाकाला त्या दोन्ही हातांनी धरून बसल्या. गाडी आता जागची हलणार नाही, असे तिघांनी सांगितले. त्यांनी हात सोडले नाहीत. काकांना घेऊन जायला माणसे आली तेव्हा कुठे सिस्टरताईंनी एकेक बोट करून त्यांचे हात सोडवले. त्या दिवशी सिस्टरताई कामावर गेल्या, पण रुग्णवाहिकेत काकांच्या शेजारी बसून.

पैलवान तिथेच जिन्यावर बसून होते. कोणी काही विचारले नव्हते, तरी ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "धरलं म्हणालो मी. सवयीनं म्हणालो."

पिकअपवाले दुपारी परतले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना धड दिसत नव्हते. भिंतीला हात लावत ते गाडीपाशी आले. फरशीवरचे डाग त्यांना दिसले नाहीत, सांगावे लागले. "मी तर नियम पाळला होता," ते म्हणाले. मग मावशी रुग्णालयातून परतल्यावर पिकअपवाल्यांनी त्यांना सांगितले की पूर्वी आपल्याकडे लहान गाडी होती. एका ट्रकने तिला मागून धडक दिली. बायको वाचली, पण तेव्हापासून रस्त्यावर त्यांची छाती दडपते. म्हणून मोठी घेतली. उंचावर बसले की जरा धीर येतो.

मावशींच्या हातात मी होतो. त्यांनी मला फरशीवरून उचलून आणले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला भीती वाटत होती म्हणून घेतलीत, कळलं मला. पण ती भीती आता आमच्याकडे राहायला आलीय, तिचं काय करायचं?"

मला मात्र पिकअपवाल्यांची दया आली, कारण भित्र्याला भित्रा लगेच ओळखू येतो. ते आता गाडी लांबच्या एका मोकळ्या मैदानात लावतात आणि तिथून पंचवीस मिनिटे चालत येतात. येताना खोलीपाशी थांबून काकांच्या हाताची चौकशी करतात. सेक्रेटरींनी जुनी सूचना स्वतःच्या हाताने फाडली. आता मधल्या रांगेतल्या प्रत्येक गाडीला ब्रेक लावायचा आणि किल्ली मावशींच्या खोलीतल्या आकड्याला अडकवायची, असे ठरले आहे. काही जण अडकवतात. काही जण घाईत विसरतात.

मी कुठे आहे? मी टेबलावर आहे, त्याच तुळईच्या टेबलावर, माझ्या थोरल्या भावाच्या अंगावर. काकांनी डाव्या हाताने मला घासले आणि कितीतरी वर्षांनी तेल पाजले. मावशी कापड पसरतात आणि ते सरकू नये म्हणून मला त्याच्या काठावर ठेवतात. शेजारून काका विचारतात, "धरलं?" ते माझी चेष्टा करतात, हे मला कळते. मला ती आवडते. कापड हलके असते आणि ते मला झेपते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे काहीतरी असेल, जे मुकाट्याने काहीतरी धरून आहे. एखादी खुंटी, एखादी बिजागरी, एखादा दोर. त्याला वर्षातून एकदा तरी हातात घेऊन बघा. आणि कोणी "धरलं?" म्हणून विचारले, तर उत्तर देण्याआधी मान वर करून बघा, आपण काय धरले आहे ते.

मी आता सुरक्षित आहे, तरी माझी भीती गेलेली नाही. कारण टेबलावरून मला तो उभा आरसा दिसतो आणि आरशात सगळा उतार दिसतो. गेल्या वर्षात दुसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर आणखी दोन उंच गाड्या आल्या. आज सकाळी त्या दोन्ही मधल्या रांगेत उभ्या आहेत, तोंड आमच्याकडे करून. आकड्यावर किल्ली मात्र त्यांतल्या एकीचीच आहे. दुसरीच्या चाकाखाली काय आहे, ते मला इथून दिसत नाही. तुमच्या घरातल्या मोठ्यांना तेवढे वाकून बघायला सांगा.